तारीख तीच, १९ फेब्रुवारी

२०२५च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा. रात्री अकराला न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. दहा वर्षं तिकडे आहे, एच-वन-बी व्हिसावर. वहिनीही नोकरी करते, तिचाही तोच व्हिसा. ग्रीन कार्डच्या रांगेत दोघांचा नंबर कधी लागेल हे विचारायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे.

"डॉक्टरांना विचारतोय, १९ फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करता येईल का," दादा म्हणाला.

वहिनीची तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली होती. मला काही कळेना. आपल्याकडे १९ फेब्रुवारी म्हटलं की शिवजयंती. मी गमतीनं म्हटलं, "का रे, नाव शिवाजी ठेवायचंय का?"

दादा हसला नाही.

मग त्यानं सांगितलं. २० जानेवारीला, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली होती. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल आपोआप अमेरिकी नागरिक होतं, हा तिथला शंभराहून जास्त वर्षांचा शिरस्ता. नव्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्या मुलाला नागरिकत्व नाही. आदेश लागू कुणाला? सही झाल्यापासून तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्यांना. म्हणजे १९ फेब्रुवारी उलटल्यावर जन्मणाऱ्यांना. सिअॅटलच्या एका न्यायाधीशांनी तीनच दिवसांत आदेशाला स्थगिती दिली होती, पण वरचं कोर्ट काय करेल याची खात्री कोण देणार? दादा बातम्या वाचत होता आणि कॅलेंडरवर आठवडे मोजत होता.

फोन ठेवल्यावर झोप लागेना. मी इतिहासाचा माणूस नाही. दहावीला मार्कांपुरता इतिहास वाचला, पुढे चार वर्षं इंजिनिअरिंग, आता पुण्यात एका कंपनीत डेटाचं काम करतो. अमेरिका म्हणजे माझ्या पिढीला जीआरई, व्हिसाची मुलाखत आणि ऑनसाइटची संधी. त्या रात्री मी पहिल्यांदा तिथल्या नागरिकत्वाचा इतिहास शोधायला बसलो आणि तीच तारीख आणखी दोनदा समोर आली. १९ फेब्रुवारी १९२३. १९ फेब्रुवारी १९४२.

तारखा जुळणं हा योगायोग आहे, त्यात मी काही अर्थ शोधत नाही. पण त्या दोन दिवशी जे घडलं त्याचा दादाच्या फोनशी संबंध होता.

'गोरा' म्हणजे कोण?

भगतसिंग थिंद हा पंजाबातला शीख तरुण १९१३ साली अमेरिकेत गेला. ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाला. डिसेंबर १९१८मध्ये सैनिकाच्या गणवेशातच त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं गेलं. त्यानं पुन्हा अर्ज केला. १९२०मध्ये ओरेगॉनच्या न्यायाधीशांनी पुन्हा नागरिकत्व दिलं. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं.

अडचण १७९०च्या कायद्यात होती. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिक होता येईल, असं तो कायदा म्हणत होता. यादवी युद्धानंतर, १८७०मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातल्या लोकांचं काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

थिंदच्या आधी तीन महिने, नोव्हेंबर १९२२मध्ये, कोर्टानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षं अमेरिकेत होता, तिथेच शिकला होता, घरात इंग्रजी बोलत होता. त्याची त्वचाही उजळ होती. कोर्ट म्हणालं, प्रश्न त्वचेच्या रंगाचा नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही.

थिंदच्या वकिलांना वाटलं, चला, दार उघडलं. त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हटलेलं होतं. हा तर्क त्यांनी कोर्टापुढे ठेवला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. तेच कोर्ट आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही तेच, जॉर्ज सदरलँड. या वेळी ते म्हणाले, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो, आणि थिंदला कोणी गोरा समजणार नाही. दोन्ही निकाल एकमतानं. स्वतः सदरलँड यांचा जन्म इंग्लंडचा. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले, पण त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

एखादं फंक्शन आज एक उत्तर देत असेल आणि उद्या त्याच इनपुटला दुसरं, तर मी त्याला बग म्हणतो. इथे तो बग नव्हता. उत्तर आधीच ठरलेलं होतं, व्याख्या त्या उत्तराप्रमाणे बदलली गेली.

पण थिंदच्या बाजूची एक गोष्ट मला जास्त टोचली. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, हा त्याच्या युक्तिवादाचा मोठा भाग होता. उच्च जातीचे लोक भारतातल्या मूळच्या रहिवाशांपासून फटकून राहतात, त्यांच्याकडे तसंच बघतात जसं अमेरिकी गोरा काळ्या माणसाकडे बघतो, असं कोर्टाला पुरावा म्हणून सांगितलं गेलं. म्हणजे आमच्याकडेही भेदभाव आहे, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या!

इथे मला जोतीराव फुले आठवले. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना त्यांनी ते पुस्तक, गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांनी त्या देशातली सर्वांत मोलाची गोष्ट नेमकी हेरली होती. जातीच्या बेड्या तोडायला तिथून काय शिकता येईल, हे ते बघत होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी आपल्याच देशातला एक माणूस तिथल्या कोर्टात जात हीच लायकी म्हणून दाखवत होता. थिंदवर अन्याय झाला यात शंका नाही. पण भिंत पाडा असं तो म्हणत नव्हता, मला भिंतीच्या आत घ्या म्हणत होता. आजही तिकडच्या आपल्या मंडळींत 'आम्ही कायदेशीर मार्गानं आलो, आम्ही त्या बाकीच्यांसारखे नाही' हे वाक्य ऐकलं की मला थिंदचा खटला आठवतो. भिंत कुठे घालायची हे आपण ठरवत नसतो.

सखाराम गणेश पंडित

निकालानंतर सरकारनं आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलेले वैष्णो दास बगाई १९२१मध्ये नागरिक झाले होते. ते पुन्हा परके ठरले. कॅलिफोर्नियातल्या कायद्यांमुळे मालमत्ता हातची गेली. भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं तर अमेरिकी पासपोर्ट मिळेना. ज्या ब्रिटिश सत्तेला कंटाळून ते निघाले होते, तिचाच पासपोर्ट घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. १९२८मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी लिहिलेलं त्यांचं पत्र तिथल्या वृत्तपत्रानं छापलं.

याच यादीत एक नाव वाचून मी थांबलो. सखाराम गणेश पंडित. अस्सल आपल्याकडच्या वळणाचं नाव. हे लॉस एंजेलिसमधले वकील, थिंदची बाजू सुप्रीम कोर्टात मांडणारे. १९१४पासून अमेरिकेचे नागरिक. थिंदचा खटला हरल्यावर सरकारनं त्यांच्यावरच दावा लावला.

पंडितांनी या वेळी वंशाचा मुद्दा काढलाच नाही. ते म्हणाले, मी गोरा आहे की नाही हे सोडा. १९१४मध्ये एका सक्षम कोर्टानं मला नागरिकत्व दिलं. सरकारला तेव्हा हरकत घेता येत होती, अपील करता येत होतं, ते केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी इथे वकील झालो, संसार मांडला. आता इतक्या वर्षांनी सरकार उलटू शकत नाही. खालच्या कोर्टानं हे मानलं, १९२६मध्ये अपिलाच्या कोर्टानंही मानलं आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सरकारचं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. उरलेल्या भारतीयांवरचे दावे त्यानंतर सरकारनं सोडून दिले.

थिंदचं नाव अमेरिकेतल्या कायद्याच्या पुस्तकांत आहे, पंडितांचं फारसं कुणाला ठाऊक नाही. मला मात्र पंडित जास्त आवडतात. 'मी तुमच्यातला आहे' असं ते म्हणाले नाहीत. 'तुम्ही शब्द दिला होता, तो पाळा' एवढंच म्हणाले. सरकारशी बोलायची ही भाषा मला जास्त स्वाभिमानाची वाटते.

थिंदला शेवटी १९३६मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे, नागरिकत्व मिळालं. बाकी भारतीयांसाठी दार उघडलं १९४६मध्ये, तेही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यापुरतं.

यादी आधीच तयार होती

आता दुसरी तारीख. ७ डिसेंबर १९४१ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर दहा-अकरा आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली. लष्करी अधिकाऱ्यांना हव्या त्या भागातून हव्या त्या व्यक्तींना हलवता येईल, असं त्यात म्हटलं होतं. 'जपानी' हा शब्द आदेशात कुठेही नव्हता. गरजच नव्हती. सगळ्यांना कळत होतं.

पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. हातात मावेल तेवढंच सामान न्यायची परवानगी होती. काही कुटुंबांना आधी घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर, तबेल्यांत ठेवलं. मग वाळवंटात आणि दलदलीत उभारलेल्या दहा छावण्यांमध्ये. अनाथाश्रमातली मुलंसुद्धा सुटली नाहीत, मांझानारच्या छावणीत त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता.

लष्करी गरज म्हणून हे केलं, असं सरकार म्हणत होतं. मग हवाई बेटांचं काय? हल्ला तर तिथेच झाला होता. तिथे जपानी वंशाचे दीड लाखांहून अधिक लोक होते, लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त. त्यांतल्या फार थोड्यांनाच पकडलं गेलं. कारण साधं होतं. त्यांच्याशिवाय बेटांवरची शेतं आणि गोद्या चालल्या नसत्या. जिथे धोका सर्वांत जास्त असायला हवा तिथे सरकारला धोका दिसला नाही, आणि जिथे शेजाऱ्यांचा त्यांच्या जमिनींवर डोळा होता तिथे दिसला.

डेटाचं काम करणारा म्हणून माझा प्रश्न वेगळा होता. सव्वा लाख माणसं नेमकी कुठे राहतात हे इतक्या लवकर कळलं कसं? उत्तर होतं, जनगणना. १९४०च्या जनगणनेत लोकांनी विश्वासानं आपला वंश आणि पत्ता सांगितला होता. माहिती गुप्त राहील असं कायदा म्हणत होता. पंच कार्डांवर ती सगळी नोंदलेली. जनगणना खात्यानं शहरांतल्या एकेका चौकोनात जपानी वंशाचे किती लोक राहतात याचे तक्ते काढून लष्कराला दिले. मार्च १९४२मध्ये युद्धकाळापुरतं गुप्ततेचं बंधनही कायद्यानं सैल केलं. खात्याच्या प्रमुखांनी या सहभागाबद्दल माफी मागितली ती २००० साली. त्यानंतर काही वर्षांनी संशोधकांना कागद सापडले, काही प्रकरणांत व्यक्तींची नावं आणि पत्तेही दिले गेले होते.

ती कार्डं छिद्रं पाडून तयार करणाऱ्या कारकुनांना काय वाटलं असेल याचा मी विचार करतो. बहुधा काहीच नाही. महिनाअखेरीचं काम होतं.

सरकार खोटं बोललं, हे कळायला ३९ वर्षं

फ्रेड कोरेमात्सू हा ओकलंडमध्ये जन्मलेला, जहाजाच्या गोदीत वेल्डिंग करणारा तेवीस वर्षांचा तरुण. तो छावणीत गेला नाही. नाव बदललं, डोळ्यांवर छोटी शस्त्रक्रियाही करून घेतली, पण मे १९४२मध्ये पकडला गेला. त्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. १८ डिसेंबर १९४४ला सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्टानं सरकारची बाजू घेतली. विरोधात लिहिणाऱ्या तिघांपैकी न्यायमूर्ती मर्फी यांनी याला सरळ वंशवाद म्हटलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांचा इशारा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचा आशय असा, की लष्कराचा आदेश युद्धाबरोबर संपेल, पण कोर्टानं त्याला मान्यता दिली की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, आणि पुढे कुणीही निकड दाखवून ती उचलेल.

१९८०च्या दशकात आयको हर्झिग-योशिनागा नावाची बाई वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रोज जाऊन जुने कागद चाळत असे. शाळेच्या शेवटच्या वर्षात तिला स्वतःला मांझानारला नेलं होतं. एके दिवशी तिला जनरल डेविट यांच्या अहवालाची मूळ प्रत सापडली. कोर्टात सरकारनं सांगितलं होतं की निष्ठावान कोण आणि धोकादायक कोण हे तपासायला वेळ नव्हता. मूळ अहवालात जनरलसाहेब म्हणत होते, वेळेचा प्रश्नच नाही, या लोकांत निवड करणं शक्यच नाही. युद्ध खात्यानं हा मजकूर बदलून घेतला होता आणि जुन्या प्रती जाळायला लावल्या होत्या. एक राहिली. शिवाय एफबीआय आणि नौदलाच्या गुप्तचर विभागाचे अहवाल डेविट यांच्या दाव्यांना छेद देत होते, तेही कोर्टापासून दडवले गेले होते.

या कागदांच्या जोरावर १९८३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कोरेमात्सूची शिक्षा रद्द केली. १९८८मध्ये रोनाल्ड रेगन यांनी माफीच्या कायद्यावर सही केली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर मिळाले. २०११मध्ये नील कत्याल या भारतीय वंशाच्या सरकारी वकिलांनी, आपल्या पदावरच्या पूर्वसुरींनी तेव्हा कोर्टाची दिशाभूल केली, अशी जाहीर कबुली दिली. सुप्रीम कोर्टानं मात्र तो निकाल चुकीचा होता असं म्हणायला २०१८ उजाडलं. आणि म्हटलं ते कशात? काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांच्या प्रवेशबंदीला पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता देणाऱ्या निकालात. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्याच दिवशी विरोधी मतात दाखवून दिलं, की जुनी बंदूक खाली ठेवता ठेवता दुसरी उचलली जातेय.

आपण कुठे आहोत

हे वाचून 'बघा, अमेरिका कशी ढोंगी' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते जमत नाही. १९६२च्या युद्धानंतर आपण काय केलं? आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यांतले कित्येक भारतातच जन्मले होते, काहींना चिनी भाषाही येत नव्हती. अमेरिकेनं चाळीस वर्षांनी का होईना चौकशी आयोग नेमला, माफी मागितली, भरपाई दिली. आपल्या शाळेच्या पुस्तकात देवळीचं नावही मी वाचलं नाही.

माझं मत एवढंच बनलंय. सरकार कोणाचंही असो, रूझवेल्टसारख्या लोकप्रिय आणि गरिबांच्या बाजूच्या नेत्याचं असलं तरी, घाबरलेल्या जनतेच्या नावानं अधिकार मागितला जातो तेव्हा पुरावा आधी मागायचा. नंतर मिळणारा न्याय हा न्यायच असतो, पण सव्वा लाखातल्या हजारोंना तो मिळाला तेव्हा ते जिवंत नव्हते. आणि तो जो मिळाला तो आपोआप नाही. एका वकिलानं शब्द पाळा म्हणून हट्ट धरला, एका वेल्डरनं नकार दिला, एका बाईनं वर्षानुवर्षं फायली उलटल्या, म्हणून मिळाला.

माझ्या कामाचंही सांगतो. मध्यंतरी एका क्लायंटला ग्राहकांच्या आडनावावरून मातृभाषा ओळखणारा कॉलम हवा होता. कोणत्या भाषेत मेसेज पाठवायचा, एवढ्यासाठीच. मी दोन दिवसांत करून दिला. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. त्या रात्रीच्या वाचनानंतर मी मीटिंगमध्ये विचारलं, मेसेज तर आता ग्राहकच भाषा निवडतो त्याप्रमाणे जातात, मग हा कॉलम काढून टाकूया का? क्षणभर सगळे गप्प. मग उत्तर आलं, "असू दे, पुढे कशाला तरी लागेल."

पुढे कशाला लागेल, हे मी विचारलं. मिनिट्समध्ये लिहायलाही लावलं. कॉलम अजून आहे, प्रश्नही आहे. दर महिन्याला मी तो पुन्हा काढतो, आता लोक हसतात.

१९ फेब्रुवारीला पुण्यात ढोल वाजत होते, पोरं शिवज्योत घेऊन धावत होती. दादानं सिझेरियन केलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची तारीख बाळ ठरवेल, राष्ट्राध्यक्ष नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. तोवर कोर्टांची स्थगिती कायम होती, त्यामुळे तिचा जन्मदाखला आला, पासपोर्टही आला. दादानं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्यानं खाली दृष्ट काढल्याची खूण टाकली.

मी दादाला वेगळा मेसेज केला. पासपोर्ट नीट ठेव, आणि तो देताना त्यांनी जे जे कागद दिले तेही सगळे ठेव. पंडित त्यावरच जिंकले होते.

"कोण पंडित?" दादानं विचारलं.

म्हटलं, निवांत असशील तेव्हा फोन कर. मोठी गोष्ट आहे.